कॉपी केलेल्या ब्लू-रेचा आवाज वीस मिनिटांनी गुल होतो, प्लेअर गेला की डिस्क?

भुसावळ_जंक्शन:
मंडळी एक भानगड होऊन राह्यलीय, कोणाला माहीत असेल तर सांगा. आमचे आप्पा लोको शेडमधून रिटायर झाले, त्यांना इंग्रजी मारधाडीच्या पिक्चरचा भारी नाद. मी पुण्यात होतो तेव्हा दर दिवाळीला दोन-तीन ओरिजिनल ब्लू-रे घेऊन यायचो, असं करता करता चाळीसेक डिस्क झाल्या. मागच्या उन्हाळ्यात भाच्याने त्यातली एक फरशीवर भिंगरीसारखी फिरवली, ती कामातून गेली. म्हणून बाकीच्यांच्या कॉपी काढल्या, २५ जीबीच्या कोऱ्या डिस्क आणून, आणि ओरिजिनल सगळ्या कपाटात कुलूपबंद.

आता कॉपी लावली की पिक्चर मस्त चालू होतो, आवाज दणदणीत, आणि वीसेक मिनिटं झाली की आवाज एकदम बंद. चित्र चालूच राहतं. वर इंग्रजीत पट्टी येते की आवाज तात्पुरता बंद केलाय, व्हॉल्यूमला हात लावू नका, पुढे सिनाव्हिया असं काहीतरी आणि मेसेज कोड ३. आप्पा रिमोट दाबून दाबून थकतात. बंद करून परत लावला की येतो आवाज, मग थोड्या वेळाने परत तेच.

एका रिपेरिंगवाल्याकडे नेला, ऑडिओ आयसी गेलाय म्हणाला, ६०० रुपये घेतले, दोन दिवस ठेवून घेतला, घरी आणून लावला तर एकविसाव्या मिनिटाला परत मुका. होम थिएटरची वायर बदलून झाली. ऑडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करून परत राईट करून पाहिला, काही फरक नाही. आणि बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ त्याच कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर त्याच रायटरने राईट केलेला, तो अडीच तास चालतो, एकदाही आवाज जात नाही. मग बिघाड आहे कुठे?

केळीवाला_रावेर:
काय भो, व्हॉल्यूमला हात लावू नका म्हणजे शेजाऱ्यांची सोयच झाली म्हणायची. लेन्स साफ केली का पण? आपल्याकडे धूळ किती, माझा डीव्हीडी प्लेअर असाच अडकायचा, कापसाने पुसला की चालायचा.

तापीकाठ:
लेन्सचा काही संबंध नाही, लेन्स खराब असती तर आधी चित्र अडकलं असतं. उत्तर तुझ्या हळदीच्या व्हिडिओतच आहे भाऊ. प्लेअर चांगला आहे, डिस्क चांगली आहे, आवाज प्लेअर मुद्दाम बंद करतो.

सिनाव्हिया ही व्हेरन्स नावाच्या अमेरिकन कंपनीची पद्धत आहे. पिक्चरच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते, म्हणजे डायलॉग, म्युझिक, सगळ्यात बारीक बारीक बदल केलेले असतात, आपल्या कानाला कळत नाहीत पण प्लेअरमधल्या चिपला कळतात. डिस्कवर वेगळी फाईल वगैरे काही नसते, म्हणून कॉपी करताना ती गळून पडत नाही. तू कन्व्हर्ट करून पाहिलंस त्याचा उपयोग झाला नाही तो याचमुळे. थिएटरात मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला तरी टिकावी अशाच हिशोबाने ती बनवलीय. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवा, नवीन झूल घाला, पुठ्ठ्यावरचा डाग तोच राहतो ना, तसं समज.

आता ओरिजिनलमध्ये पण तीच खूण आहे, मग ती का चालते? तर ओरिजिनल ब्लू-रेवर एएसीएस म्हणून एक कुलूप असतं. प्लेअरला आवाजात खूण सापडली की तो पाहतो, डिस्कवर कुलूप आहे का. आहे, म्हणजे दुकानातला माल, चालू दे. कॉपी काढताना कुलूप निघून जातं आणि खूण तशीच राहते, मग प्लेअर म्हणतो हे काय गौडबंगाल आहे आणि आवाज बंद करतो. खूण ओळखायला त्याला बराच वेळ आवाज ऐकावा लागतो, म्हणून तुझी वीस मिनिटं सुखाची जातात. हळदीच्या व्हिडिओत खूणच नाही, तो रात्रभर चालव.

कोड ३ म्हणजे विकत मिळणाऱ्या डिस्कची कॉपी. कोड १ आला असता तर प्रकरण वेगळं होतं, ती थिएटरच्या प्रिंटमधली खूण, तिथे आवाज नाही, अख्खा पिक्चरच थांबतो.

१ फेब्रुवारी २०१२ नंतर बनलेल्या सगळ्या घरगुती ब्लू-रे प्लेअरमध्ये हे असायलाच पाहिजे, नाही तर एएसीएसचं लायसन मिळत नाही. त्यामुळे हा विकून दुसरा नवीन आणायचा विचार असेल तर पैसे पाण्यात. जुन्याचाही भरवसा नाही, सोनीच्या पीएस३ या गेम खेळायच्या मशीनमध्ये (त्यावर ब्लू-रे पण चालते) आधी नव्हतं, ३.१० च्या अपडेटने आलं. आणि सहाशे रुपयांचं काय बोलायचं, पट्टीवर नाव स्पष्ट लिहून येतं, ते वाचलं असतं तरी स्क्रू खोलायची गरज नव्हती.

नंदुरबारचा_नाना:
तापीकाठ बरोबर सांगून राह्यले. भो, तुना प्लेअरले काहीच व्हयेल नही, तो ते चांगला शे.

साधा_माणूस_धुळे:
मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्याने हजार-हजार रुपये मोजून ओरिजिनल घेतली त्याच्या घरात आवाज बंद, आणि ज्याने फुकट डाऊनलोड करून लॅपटॉपवर पाहिला त्याचा आवाज चालू, कारण लॅपटॉपवरचा व्हीएलसी, म्हणजे पिक्चर चालवायचं फुकट सॉफ्टवेअर, ही खूण तपासतच नाही. पैसे देऊन घेतलेले काही लायसनवाले सॉफ्टवेअर प्लेअर मात्र तपासतात, तिथे पण गिऱ्हाईकच मार खातो. आमच्याकडे अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडीचा जमाना होता तेव्हा कसलं कुलूप न् कसली खूण, बसस्टँडवरून तीस रुपयाला आणायची आणि लग्नात डेकवर दिवसभर वाजवायची. त्या कलाकारांना काय मिळालं देव जाणे, तेही काही बरोबर नव्हतं म्हणा.

कायद्याचं कोणी विचारण्याआधी सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती होऊन कलम ६५ए आलं. असं संरक्षण कोणी हक्कभंग करायच्या इराद्याने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इराद्याने हा शब्द त्यात आहे, आणि कलम ५२ मध्ये खाजगी वापराला सूट पण आहे. आता घरच्या कॉपीसाठी कुलूप काढणं यात नक्की कुठे बसतं त्यावर वकील लोक तासभर बोलतील. पण कॉपी मित्राला वाटली, कोणाला विकली, तर सूट-बिट काही नाही.

भुसावळ_जंक्शन:
धन्यवाद मंडळी, जीव भांड्यात पडला. वाटायची बात नाही, आप्पा ओरिजिनलच्या कपाटाची चावी मला देत नाहीत तर डिस्क कोणाला देणार. एक सांगा, टीव्हीला मागून पेनड्राईव्ह लावून चालेल का?

तापीकाठ:
चालायला पाहिजे. खूण तपासायचं काम ब्लू-रे प्लेअर करतो, टीव्ही करत नाही, होम थिएटर पण करत नाही. मात्र पेनड्राईव्ह ब्लू-रे प्लेअरच्याच यूएसबीला लावशील तर परत मुका होईल, तिथे लोक फसतात. पेनड्राईव्ह पण ३२ जीबीचा आणून फॅट३२ या फॉरमॅटवर ठेवू नको, त्यात चार जीबीच्या वरची फाईल जात नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, टीव्ही वाचतो का ते आधी बघ. नाही वाचला तर जुना लॅपटॉप एचडीएमआयने जोड आणि व्हीएलसी लाव.

आणि कोऱ्या डिस्क अजून घ्यायच्या असतील तर फार साठा करू नको. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणंच बंद केलं. त्यापेक्षा हार्ड डिस्क घे, आणि मे महिन्यात ती खिडकीत ठेवू नको, भुसावळचं ऊन तुला मी काय सांगू.

केळीवाला_रावेर:
म्हणजे कापूस लावायचा नाही?

भुसावळ_जंक्शन:
नाही भो. आज लॅपटॉप जोडला, पूर्ण दोन तास सहा मिनिटं आवाज चालू राहिला. वीस मिनिटं झाली तसे आप्पा सवयीने रिमोट घेऊन तयारच बसले होते, पंचवीस झाली, तीस झाली, मग म्हणाले हे काय, आज बंद नाही होऊन राह्यलं? आता रिपेरिंगवाल्याकडे सहाशे मागायला जातो म्हणतात, मी म्हटलं जाऊ द्या. ऐकत नाहीत. उद्या सकाळी प्लेअर पिशवीत घालून निघणार आहेत.