कंपनी डगमगतेय आणि फाउंडर अजून ५ लाख मागतोय, द्यावे का?

रामबागकर

नमस्कार. मी इंदूरचा, विमा ऑफिसातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी ओळखीतल्या एका मुलाच्या कंपनीत १० लाख टाकले. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, लहानपणापासून बघितलेला, इथल्याच एसजीएसआयटीएस कॉलेजातून इंजिनियर झाला, पुण्यात नोकरी केली आणि परत इंदूरला आला. काम असं की महू, देपालपूर, सांवेरकडच्या शेतकऱ्यांकडून थेट भाजी घ्यायची, देवास नाक्याच्या गोदामात छाटणी करायची आणि सकाळी आठच्या आत हॉटेलं, मेस, कॅटरर यांना पोचवायची. आम्ही नऊ जणांनी पैसे घातले, जवळजवळ सगळे ओळखीतलेच.

पहिले सहा-सात महिने दर महिन्याला मेल यायचा, किती ऑर्डर, किती विक्री, बँकेत किती शिल्लक. मग दोन महिन्यांनी एकदा, मग नुसते व्हॉट्सॲपवर फोटो, नवी गाडी, नवं गोदाम. आता भोपाळला पण सुरू केलंय. हिशोब बघणारा मुलगा मार्चमध्ये सोडून गेला, दुसरा डायरेक्टर दिवाळीपासून दिसत नाही. आणि गेल्या आठवड्यात सगळ्यांना फोन, की प्रत्येकी अजून ५ लाख द्या, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, मोठा इन्व्हेस्टर येतोय. मी म्हटलं आधी आकडे पाठव, तर म्हणाला, "काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

तेव्हापासून नीट झोप नाही. मुलगा खोटा नाही असंच मन सांगतं, पण ही कंपनी चालवणं त्याला जमतंय का हा प्रश्न आला की त्याच्या वडिलांचा चेहरा समोर येतो, रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. घरी बायकोला ५ लाखांचं अजून बोललो नाही. काय करावं?

पलासियाची सीए

काका, मी सीए आहे, इथेच प्रॅक्टिस करते. ५ लाखांचं राहू द्या, आधी मला सांगा तुमच्या हातात काय आहे? शेअर सर्टिफिकेट आलं का, किंवा डिमॅटमध्ये शेअर दिसतात का? की नुसतं ॲग्रीमेंट आणि बँकेची ट्रान्सफर?

विचारते कारण हे मी खूपदा बघितलंय. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ असं सांगतं की प्रायव्हेट कंपनीने असे पैसे घेतले तर ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याज. शेअर दिल्यावर १५ दिवसांत पीएएस-३ नावाचा फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला कंपनीने हातही लावायचा नसतो. शेअर मिळालेच नसतील तर तुम्ही शेअरहोल्डरच नाही, आणि मग नेतृत्व बरं की वाईट हे विचारायचा हक्कसुद्धा कागदावर तुमच्याकडे नाही.

दुसरं, त्याच्या आकड्यांसाठी थांबू नका. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, शेवटची एजीएम (वार्षिक सभा) कधी झाली, शेवटचा ताळेबंद कुठल्या तारखेचा आहे, आज डायरेक्टर कोण आहेत हे फुकट दिसतं. १०० रुपये भरले की भरलेले सगळे फॉर्म उघडून बघता येतात, पीएएस-३ पण. जीएसटीच्या साइटवर कंपनीचा नंबर टाकला की कुठल्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं तो तक्ता येतो. आणि पीएफच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, तिथे दर महिन्याला किती लोकांचा पीएफ भरला ते दिसतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि पैसा संपत आला की सगळ्यात आधी तोच थकतो असा माझा अनुभव आहे. घरी बसून अर्धा तास लागेल.

वडोदऱ्याचा नितीन

मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजारात घर आहे. मी त्या मुलाच्या जागी होतो म्हणून लिहितोय. माझी कंपनी डबे पोचवायची, मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांना, आणि २०२२ मध्ये बंद केली. पैसे घालणाऱ्यांत माझे मामा होते, वडिलांचे दोन मित्र होते. शेवटचे आठ महिने मी कोणाला मेल केला नाही. चोरी केली नव्हती हो, एक रुपया घरी नेला नव्हता, पण दर महिन्याला वाटायचं पुढच्या महिन्यात आकडे सुधारतील तेव्हाच पाठवू, आणि ते सुधारले नाहीत, मग पाठवायची लाज वाटायला लागली, मग फोन उचलायची पण. मामांनी मला "विश्वास आहे बेटा" असं म्हणत दोनदा पैसे दिले आणि दोन्ही वेळा ते पैसे जुनी देणी फेडण्यात गेले. त्यांनी तेव्हा बसवून विचारलं असतं तर कदाचित अर्धे वाचले असते.

त्यामुळे काका, तो खोटा आहे की खरा यात अडकू नका. भाजीच्या धंद्यात शेतकऱ्याला रोख लागते आणि हॉटेलवाला महिना-दीड महिना उधारीवर ठेवतो, म्हणजे ऑर्डर जितकी वाढेल तितका खिशातून जास्त पैसा जातो. विक्री वाढतेय म्हणून बाहेरून छान दिसतं आणि आत बँक रिकामी. त्याला एवढंच विचारा की एक किलो मालावर सड, हमाली, गाडीभाडं जाऊन इंदूरमध्ये हातात काय राहतं. राहत असेल तर उधारी वसूल करायचा प्रश्न आहे आणि ५ लाखांना काही अर्थ आहे. राहतच नसेल तर भोपाळला जाऊन नुकसान दुप्पट केलंय. हा आकडा त्याला तोंडपाठ नसेल तर मग मला तुमची खरी काळजी वाटेल.

जेलरोड

इतकं काय गोंजारायचं, नऊ जणांनी मिळून काढून टाका त्याला. कंपनी कायद्यात आहे ना डायरेक्टर काढायची सोय. ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजचं काय झालं बघा, जून २०२३ मध्ये ऑडिटर डेलॉइट सोडून गेले, त्याच वेळी इन्व्हेस्टरांचे तीन डायरेक्टर बोर्डावरून गेले, तोपर्यंत सगळे गप्प बसले होते. उशीर केला की असं होतं.

पलासियाची सीए

@जेलरोड, कलम १६९ आहे, पण त्याला साधं बहुमत लागतं. अशा कंपन्यांत फाउंडरकडे बहुधा ६०-७० टक्के असतात, मत घेतलं तर तोच जिंकणार. आणि बायजूजचं पुढचं पण बघा, २३ फेब्रुवारी २०२४ ला मोठमोठ्या इन्व्हेस्टरांनी सभा घेऊन फाउंडरला काढायचा ठराव केला आणि तो कर्नाटक हायकोर्टात अडकला. त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा होत्या.

कलम २४१ चा रस्ता आहे, कंपनीचा कारभार नीट नाही म्हणून एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांच्या तंट्यांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे जायचं, आपल्याकडे इंदूर बेंचकडे. त्याला शेअरच्या एक दशांश हिस्सा किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश लोक लागतात. दोन फाउंडर आणि तुम्ही नऊ असे अकराच असाल तर दोघंही पुरतात. पण त्यासाठी शेअर नावावर हवेत, म्हणून मी पहिल्यांदा तेच विचारलं. आणि वेळ खूप जातो काका, भाजीची कंपनी तेवढी तग धरत नाही.

ॲग्रीमेंट मात्र नीट वाचा. नुसता शेअरहोल्डर असल्याने हिशोबाची पुस्तकं बघायचा हक्क कायद्याने मिळत नाही, दर महिन्याला आकडे द्यायचे असं ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं असेल तरच मागता येतं. लिहिलेलं असेल तर नऊ जणांच्या सह्यांनी एक पत्र द्या, फोनवर नको.

अश्विनी_विजयनगर

मी अशाच एका छोट्या कंपनीत होते, इंदूरचीच, नाव सांगत नाही. आमचा पगार १ तारखेचा ७ ला, मग २० ला. पगारातून पीएफ कापला जायचा आणि भरला जायचा नाही, मला नोकरी सोडल्यावर कळलं. साहेब तेव्हा नव्या शहरात ऑफिस बघायला जायचे. इन्व्हेस्टर आले की आम्हाला सांगितलेलं असायचं की काय बोलायचं.

काका, जो हिशोबाचा मुलगा सोडून गेला त्याच्याशी बोला, आणि त्या दुसऱ्या डायरेक्टरशी तर नक्कीच. भांडायला नाही, नुसतं काय झालं ते ऐकायला. आणि गोदामात सकाळी पाच वाजता न सांगता जा, हमालांना पैसे वेळेवर मिळतात का ते त्यांच्या बोलण्यात लगेच कळतं. मला आजही वाटतं आमच्याकडे कोणीतरी एकदा असं यायला हवं होतं.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हेच करत होतो.

पीएएस-३ मिळाला, नऊही जणांची नावं आहेत, पण पैसे दिल्यानंतर पाच महिन्यांनी भरलाय. गेल्या वर्षीचा ताळेबंद भरलेलाच नाही. पीएफ एप्रिलपर्यंतचा दिसतो, पुढे काही नाही. दुसरा डायरेक्टर एमसीएवर अजून डायरेक्टरच आहे, त्याला फोन केला तर तो म्हणाला भोपाळला जाऊ नको असं मी म्हटलं म्हणून आमचं फाटलं, आणि इंदूरमध्ये कांदा-बटाट्यावर सुटतं पण पालेभाजी आणि टोमॅटोवर रोज जातं. गोदामात गेलो होतो, हमालांचे दोन आठवडे थकलेत. त्यातला एक मला ओळखत नव्हता, म्हणाला भैयाजी माणूस चांगला आहे पण इथे येतच नाही आता.

बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्याच्या बाबांना आपण सांगायचं नाही, त्यालाच सांगू दे.

मुलाला मेल केलाय, नऊ जणांच्या नावाने, ॲग्रीमेंटमधलं कलम लिहून. इंदूर आणि भोपाळचे वेगवेगळे आकडे, थकलेली देणी, उधारीची यादी, आणि तो मोठा इन्व्हेस्टर येतोय त्याचं काही लेखी असेल तर ते, हे बघितल्याशिवाय कोणी चेक देणार नाही. रविवारी सगळे माझ्या घरी बसणार, दुसरा डायरेक्टर पण येतो म्हणालाय.

रात्री मुलाचा फोन आला. विश्वासाचं यावेळी काही बोलला नाही. म्हणाला, "काका, रविवारच्या आधी मला तुम्हाला एकट्याला भेटायचंय, भोपाळचं सांगायचंय." शनिवारी संध्याकाळी ये म्हटलंय, आणि येताना लॅपटॉप घेऊन ये म्हटलंय.