टोपीला भोकं होती, पण अस्तर नवं होतं

घाणेरी

परवा टाकणखार यांनी जे लिहिलं ते दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सतरा-अठराव्या शतकातले निसर्गअभ्यासक एकमेकांना पत्रं लिहायचे, बिया पाठवायचे, श्रीमंत रसिक त्यांना सांभाळायचे, ना प्रपोजल ना ऑडिट, सगळी 'निखळ ज्ञानाची भूक', आणि आपण मात्र अनुदान कुठे खर्च केलं त्याची युटिलायझेशन सर्टिफिकेटं भरत मेलो. उदाहरण दिलं पीटर कॉलिन्सन आणि जॉन बार्ट्रमचं. तीसेक वर्षं पत्रव्यवहार, आयुष्यात एकदाही भेट नाही, काय ती मैत्री वगैरे वगैरे.

अहो, पण ती पत्रं उघडून वाचलीत का? कॉलिन्सन लंडनचा कापडवाला, बार्ट्रम फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी. हा तिकडे दलदली तुडवून बिया गोळा करणार, तो इकडे उमरावांना पेट्या विकून देणार, पेटीला पाच गिनी, आत शंभरेक जातींच्या बिया. एकदा कॉलिन्सनने मोठ्या मनाने बार्ट्रमला आपली एक टोपी पाठवली. वापरलेली. तिला भोकं आहेत म्हणून बार्ट्रमने कुरकुर केली. त्यावर साहेबांचं उत्तर काय, तर हो, कडेला एकदोन बारीक भोकं होती खरी, पण अस्तर नवं होतं. आणि दुसऱ्याला देऊन टाकण्याऐवजी मलाच परत पाठवायचीस ना, गावाकडे पावसात घालायला मला अजून दोन-तीन वर्षं चालली असती!

आमच्याकडे याला टोपी घालणं म्हणतात.

आणि हाच माणूस बार्ट्रमला व्हर्जिनियाच्या दौऱ्याआधी बजावतो की तिकडच्या बड्या लोकांकडे नीट कपडे घालून जा, ते लोक माणसाचं बाहेरचं रूप बघतात. म्हणजे झाडं ओळखणारा कोण आणि कोणाच्या दारात कसं उभं राहायचं हे ठरवणारा कोण, ते बघा. मैत्रीबित्री ठीक आहे, पण ती पत्रं म्हणजे खतावणी आहे. हे पोचलं, ते कुजून आलं, अमुक लॉर्डला तमुक झाड हवंय, अजून पाठव.

टाकणखार

धागा काढल्याबद्दल आभार, आमची लायकी वाढली. टोपी मला माहीत आहे बाई. पण तुम्ही अख्ख्या पत्रव्यवहारातून एक टोपी उचललीत! बार्ट्रमने पाठवलेल्या पेटीतली कासवाची अंडी लंडनला पेटी उघडल्यावर फुटायला लागली आणि कॉलिन्सन लहान पोरासारखा हरखला, ते नाही दिसलं? महत्त्वाचं म्हणजे या उद्योगात कॉलिन्सन स्वतःसाठी दलाली घेत नव्हता. दुकान सांभाळून रात्री जागून पत्रं लिहायची, कस्टममधून पेट्या सोडवायच्या, उमरावांच्या मागे लागून पैसे वसूल करायचे, हे सगळं फुकट. १७६५ साली बार्ट्रमला राजाकडून वर्षाला ५० पौंड सुरू झाले ते कोणाच्या खटपटीमुळे? त्याच वर्षी बार्ट्रम बापलेकाला जॉर्जियात ते फ्रँकलिनियाचं झाड सापडलं. १८०३ नंतर ते रानात कोणालाच दिसलेलं नाही, आज जगात जी आहेत ती बागेतली. हा पत्रव्यवहार नसता तर शेतकरी शेतातच राहिला असता आणि झाडही गेलं असतं.

तुमच्या पिढीला सगळीकडे शोषणच दिसतं. आम्ही ३१ वर्षं शिकवलं, एका मायक्रोस्कोपसाठी सात टेबलं फिरलो, शेवटी मिळाला तेव्हा त्याचं आयपीस गायब होतं. मला विचाराल तर मी भोकाची टोपी आनंदाने घातली असती.

सातवीण

दोघंही एकेक टोक धरून बसलात. पॅट्रनेज, म्हणजे श्रीमंतांचा आश्रय, काय असतो ते बघायचं तर मार्क केट्सबी हा इंग्रज निसर्गअभ्यासक बघा. १७२२ मध्ये कॅरोलायनात गेला, पैसे घालणाऱ्यांत लंडनचा डॉक्टर-संग्राहक हान्स स्लोन, वनस्पतीअभ्यासक विल्यम शेरार्ड वगैरे बडी मंडळी. आता प्रत्येकाला आपापला वाटा हवा! वाळवलेली झाडं प्रत्येकाला वेगळी, बिया वेगळ्या, वर स्लोनला चित्रंपण. शेवटी केट्सबीने स्लोनला लिहिलं की वर्गणीदारांपैकी प्रत्येकाला झाडं आणि खास करून चित्रं पाठवायची अपेक्षा असेल असं मला वाटलं नव्हतं. चित्रं त्याला स्वतःच्या पुस्तकासाठी ठेवायची होती. परत आल्यावर खोदकाम करणारे परवडेनात म्हणून स्वतः एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरणं) शिकला आणि त्या पुस्तकात १७४७ पर्यंत अडकून पडला. आणि आता टाकणखारकाकांना आवडेल असं: त्या काळात त्याला बिनव्याजी पैसे दिले कोणी? कॉलिन्सननेच.

दुसरा किस्सा लिनियसचा, झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देणारा तोच. १७३५ मध्ये हॉलंडमध्ये तो बुर्मान नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडे राहत होता, क्लिफर्ड नावाच्या गडगंज बँकरला तो आपल्या बागेसाठी हवा होता, बुर्मान सोडेना. क्लिफर्डकडे स्लोनच्या जमैकावरच्या पुस्तकाची जास्तीची प्रत होती. ती बुर्मानला दिली आणि लिनियस उचलला. एका पुस्तकाच्या बदल्यात! मी इथे लायडनला पोस्टडॉक करतेय, माझी किंमत तेवढीही नाही. इथे मुलाखतीला उलट मीच पुस्तक नेलं होतं.

फोडणीचा_भात

हसून हसून पुरेवाट. बाकी चालू द्या.

घाणेरी

सातवीण, स्लोनचं नाव काढलंसच तर सांग की टाकणखारांना. जमैकाच्या ऊसमळ्यांच्या मालकाची विधवा १६९५ मध्ये केली, गुलामांच्या घामाचा पैसा वर्षानुवर्षं घरात. त्यावर जमवलेले ७१,००० नग, त्यातून पुढे ब्रिटिश म्युझियम. रसिकता हो, रसिकता.

आणि टोपीच का उचलली ते सांगते. एमएस्सीला असताना आंबोलीत ऐन जुलैत झाडं गोळा केली. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, पावसाळ्यात हर्बेरियम, म्हणजे झाडं दाबून वाळवून शीटवर लावणं, हा काय छळ असतो तो. रोज रात्री प्रेस उघडायची, ओले पेपर काढायचे, कोरडे घालायचे, कोरडे पेपर कुठून आणणार, तर लॉजवाल्याच्या चुलीवर शेकायचे, तरी सकाळी पानांवर पांढरी बुरशी. ४२ नमुने धड उतरले. दोन वर्षांनी शीटवर लेबल बघितलं तर 'संकलक' म्हणून सरांचं नाव, सर आंबोलीला एकदाच आले होते आणि तेही भजी खायला. मला काय मिळालं? सरांनी त्यांची जुनी छत्री दिली. खरंच दिली. एक काडी मोडलेली होती.

टाकणखार

तुमच्या सरांचा राग कॉलिन्सनवर काढताय हे आता स्पष्ट झालं. धन्यवाद.

घाणेरी

हो काढतेय. जात एकच आहे दोघांची.

म्हापशेकार

इंग्लंड-अमेरिका पुरे झालं, जरा आपल्याकडे बघा. हॉर्टुस मलबारिकुस, मलबारच्या झाडांवरचा ग्रंथ, १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅमला छापलेले १२ खंड. कोचीचा डच कमांडर व्हान रीड याने करून घेतला. त्यात तीन कोंकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित, आपू भट. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्याहून कोचीला गेलेल्या समाजातली माणसं ही. माहिती आम्हीच दिली असं सांगणारं त्यांचं १६७५ चं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोंकणीत, पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय. चित्रांवर झाडांची नावं पण नागरीत. आश्रयदात्याने नाव खाल्लं म्हणून रडताय ना, इथे नाव दिलंय, सहीसकट. पण मराठी लोकांना पत्ताच नसतो. देव बरें करूं.

पंतांची_पगडी

ते प्रमाणपत्र मी पाहिलंय. वाचून बघा, अर्धंअधिक मराठीच वाटतं. त्या काळातलं लिखाण, नागरी लिपी, भटांची भाषा. कोंकणी म्हणायचं की मराठी हा नंतरचा वाद आहे.

म्हापशेकार

आलं! मला खात्री होती की तीन प्रतिसादांत हे येणार, एकातच आलं. आमची आजी बोलते ती पण तुम्हाला 'मराठीच वाटते', कारण तुम्हाला कळते तेवढीच ऐकता. कोचीतले कोंकणी लोक आजही घरात काय बोलतात ते जाऊन ऐका. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा छापील कागद समोर असून बोलीभाषा, बोलीभाषा. शाळेत मी 'मी' ऐवजी कोंकणीतलं 'हांव' म्हटलं म्हणून आमच्या बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं, ते अजून विसरलो नाही.

पंतांची_पगडी

तुमच्या बाईंनी जे केलं त्याचं वाईट वाटलं, पण त्याने कागदावरची क्रियापदं बदलत नाहीत. सरकारी आणि विद्वत्तेचं लिहायचं म्हटलं की तेव्हा मराठी वळण यायचंच. 'मिश्र' म्हणायला माझी हरकत नाही.

म्हापशेकार

'हरकत नाही'! उपकार झाले. पगडीला पण अस्तर नवं आहे वाटतं.

सातवीण

अवांतर वाढतंय, पण मीही थोडं घालते. त्या पुस्तकात एकट्या तीन भटांचं प्रमाणपत्र नाहीये हो म्हापशेकार. इट्टी अच्युतन वैद्याचंही आहे, मल्याळममध्ये. इळवा समाजातला, पिढीजात वैद्य, घरची पोथी होती त्याच्याकडे. केरळात विचारलंत तर हा ग्रंथ अच्युतनचा म्हणतील. के. एस. मणिलाल यांनी आयुष्य घालवून त्याचं इंग्रजी केलं, २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने छापलं, तेव्हा कुठे लोकांना तो नीट वाचता आला. आणि व्हान रीडचं पण निखळ ज्ञान वगैरे नव्हतं. डच ईस्ट इंडिया कंपनीत त्याचं व्हान गून्स या दुसऱ्या बड्या अधिकाऱ्याशी वाकडं, त्या गून्सला सिलोन मोठं करायचं होतं, याला मलबार. युरोपातून महागडी औषधं मागवतो त्यातली कितीतरी मुळात इथलीच आहेत हे कंपनीला दाखवायचं होतं. म्हणजे प्रपोजलच की हो काका, बारा खंडांचं!

टाकणखार

बारा खंडांचं प्रपोजल मंजूर झालं हेच माझं म्हणणं आहे. आज दोन पानांचं होत नाही.

आजोबांचा_खल

मी सहसा लिहीत नाही. कोंकणी की मराठी, भट की अच्युतन, भांडा हवं तेवढं. पण ज्या माणसांना रानात पाठवून फांद्या, फुलं, फळं आणवली त्यांच्या सह्या कुठे आहेत? दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ खपलो असं ते भट लिहितात, झाडावर चढले होते का स्वतः?

आमचे आजोबा कुडाळकडचे, झाडपाल्याची औषधं द्यायचे. ९६-९७ च्या सुमारास शहरातून एक संशोधक आले, सभ्य होते, तीन उन्हाळे यायचे. आजोबा त्यांना सड्यावर न्यायचे. एक कंद होता, तो आजोबा पहिल्या पावसानंतरच काढायचे, आणि काढताना अर्धा परत मातीत पुरायचे. त्यांनी विचारलं का, आजोबा म्हणाले पुढच्या वर्षी तुम्ही परत येणार ना. त्यांनी हे वहीत लिहिलं नाही, मी बाजूलाच होतो, कंदाचं नाव आणि कशावर देतात तेवढंच लिहिलं. पुढे त्यांचं पुस्तक आलं. आजोबांना झेरॉक्स आली, आठ पानांची, आभारात 'स्थानिक वैदू'. आजोबांनी ती खलाखाली ठेवली, खल हलायचा म्हणून.

फोडणीचा_भात

.

घाणेरी

खल, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळेना, तीन वेळा टाईप करून पुसलं.

टाकणखार, एक मान्य करते, कडू तोंडाने. बार्ट्रमची तक्रार आज आपल्याला वाचता येते कारण तो लिहू शकत होता आणि कॉलिन्सन उत्तर द्यायचा. भांडण करता येत होतं. माझ्या सरांशी मला करता आलं नाही, खलांच्या आजोबांना तर नाहीच. तेवढ्यापुरती तुमची ती जुनी पत्रं बरी. तेवढ्यापुरतीच.

टाकणखार

ऐतिहासिक क्षण, स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. मीही एक देतो मग: टोपी धुऊन, रफू करून पाठवायला हवी होती. कापडवाला होता, घरात सुईदोरा नव्हता काय.

आभारात 'स्थानिक' असं मीही एकदा लिहिलंय. दाजीपूरच्या एका वाटाड्याबद्दल. नाव माहीत होतं मला.

ते असो. तुमच्याकडे त्या पत्रांचं पुस्तक आहे असं दिसतं. महिनाभर मिळेल का? पोस्टेज माझं.

घाणेरी

देते. पण स्लोनने १७२२ मध्ये लंडनच्या औषधविक्यांच्या संस्थेला चेल्सीची बाग दिली ती कशी, माहितीये ना? वर्षाला ५ पौंड भाडं, आणि दरवर्षी ५० नवी वाळवलेली झाडं रॉयल सोसायटीला द्यायची, २००० होईपर्यंत. तुम्ही दर आठवड्याला २० पानं स्कॅन करून इथे टाकायची. आणि आधी त्या वाटाड्याचं नाव.

टाकणखार

व्यक्तिगत निरोप करतो. नाव इथे नको, आधी त्याच्या मुलाला विचारतो.

म्हापशेकार

पगडीसाहेब, मी तो कागद परत काढून बसलोय. पहिल्या ओळीतलं क्रियापद बघा आणि मग सांगा 'मिश्र' की काय ते. मी जागाच आहे.