कॅप्सूलचे आवरण हलाल आहे का?

प्रश्न (कौसा, मुंब्रा): अम्मींच्या कॅप्सूलच्या पट्टीवर ‘एक्सिपियंट्स (औषधाशिवायचे पूरक घटक) पुरेशा प्रमाणात’ एवढेच छापलेले आहे. आवरणातील जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, हे कसे कळावे?

उत्तर (औषधविक्रेता, वाशी): पट्टीवरून कळत नाही. जिलेटिन गुरांच्या किंवा डुकराच्या हाडांपासून व कातडीपासून काढतात. गोळ्यांतील मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून घातलेला पूरक घटक, वनस्पतिजन्यही असते आणि प्राणिजन्यही, त्यामुळे केवळ गोळी घेतली की प्रश्न मिटला, असे नाही. पट्टीवर उत्पादकाचा पत्ता असतो. औषधाचे नाव व बॅच क्रमांक देऊन लेखी विचारावे. सेल्युलोजचे, म्हणजे एचपीएमसीचे आवरण वनस्पतिजन्य असते.

उत्तर (राबोडी, ठाणे): १९९५ साली कुवेतमध्ये भरलेल्या इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेने, प्रक्रियेत मूळ पदार्थ पूर्णपणे पालटला तर तो वापरता येतो, असे मत दिले; मात्र डुकराच्या जिलेटिनबाबत ते सर्व उलेमांना मान्य नाही. गुरांचेही जिलेटिन असले, तरी जबिहाचा, म्हणजे जनावर इस्लामी पद्धतीने कापले होते का, हा प्रश्न उरतोच. पर्याय नसेल तेथे निरुपायाची सवलत कुराणातच आहे (२:१७३). आपल्या मुफ्तींना जरूर विचारा, पण तोवर अम्मींचे औषध थांबवू नका आणि कॅप्सूल उघडून पूड देऊ नका. काही औषधांना ते चालत नाही.