भाचीला अणुशास्त्रात जायचंय, नाशिकमधून सुरुवात कशी करायची?

निफाडकर_मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची अकरावी सायन्सला आहे, निफाडला. गणित-फिजिक्स चांगलंय आणि तिनं डोक्यात घेतलंय की बीएआरसीत, म्हणजे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच जायचं. क्लासवाले म्हणतात आधी जेईई करा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्या, बाकीचं नंतर बघू. घरात या लाइनचं कोणी नाही, भाऊजी शेती करतात, त्यांना वाटतं रेडिएशनचं काम म्हणजे जिवाशी खेळ. तर नक्की कुठली डिग्री लागते आणि आत्तापासून तिला हाताला धरून शिकवेल असं इकडं कोणी भेटेल का? जरा सविस्तर सांगा.

तारापूर_रिटायर्ड
मामा, नोकरी सगळी तारापूरच्या अणुवीज केंद्रात झाली, आता इंदिरानगरला असतो. पहिली गोष्ट, न्यूक्लिअर नावाची डिग्री शोधत फिरू नका. प्लांटला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकल सगळे लागतात. अनिल काकोडकर साहेब मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजचे मेकॅनिकल इंजिनिअर, तिथून बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला गेले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ही ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे, इंजिनिअरिंग किंवा एमएस्सी झालेल्यांना घेतात आणि वर्षभर स्टायपेंड देऊन शिकवतात, न्यूक्लिअरचं जे काय लागतं ते तिथंच शिकवतात. ज्यांना एवढं लांब शिकणं जमत नाही त्यांच्यासाठी स्टायपेंडरी ट्रेनीच्या जागा निघतात, डिप्लोमा-बीएस्सीवाल्यांना वेगळ्या, बारावी-आयटीआयवाल्यांना वेगळ्या. त्याला कमी लेखू नका, प्लांट याच लोकांच्या हातावर चालतो.

नवीन पोरं आली की आम्ही त्यांना आधी लाइन ट्रेस करायला लावायचो. ड्रॉइंग हातात घ्यायचं, पंपापासून निघायचं आणि पाइपाच्या मागं मागं एकेक व्हॉल्व्ह गाठत चालायचं, टॅग नंबर ड्रॉइंगशी जुळवायचा, जुळला नाही तर सिनियरला विचारायचं. पोरं वैतागायची, पण रात्रपाळीत अलार्म आला की ज्यानं ती लाइन पायी बघितलीय त्यालाच कळतं नेमकं कुठं बघायचं ते.

भाऊजींना सांगा, प्रत्येकाच्या छातीला टीएलडी बॅज, म्हणजे रेडिएशन मोजणारा बिल्ला असतो, किती डोस लागला त्याची नोंद राहते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. पोटाचा एक सीटी स्कॅन साधारण १० च्या आसपास जातो. भीती वाटणं साहजिक आहे, पण आकडे समोर ठेवून बोला.

ट्रॉम्बेची_ताई
मी नाशिकरोडची, मेकॅनिकल करून ट्रेनिंग स्कूलला आले. काकांचं सगळं बरोबर आहे, फक्त एक राहिलं, तिला जर शुद्ध विज्ञानच आवडत असेल तर बारावीनंतर नेस्ट नावाची परीक्षा असते, त्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या विज्ञान संस्थांत पाच वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या आहेत आणि तिथं ठराविक सीजीपीए मिळवला की ट्रेनिंग स्कूलच्या इंटरव्ह्यूला डायरेक्ट जाता येतं. बाकीच्यांना ट्रेनिंग स्कूलची ऑनलाइन परीक्षा नाहीतर गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर. क्लासवाले हे सांगतच नाहीत याचा मला खरंच राग येतो, किती मुलींना नेस्टचं नावसुद्धा बारावी झाल्यावर कळतं.

इंटरव्ह्यूचं सांगते. विचारतात तुझे आवडते विषय कुठले, आणि मग त्यातच मुळापर्यंत जातात. मी हीट ट्रान्सफर सांगितलं तर दोन मेटलच्या प्लेट एकमेकींना चिकटवल्या तरी मधे तापमान एकदम का पडतं, तिथून सुरुवात झाली. पाठ केलेलं तिथं टिकत नाही. मामा, तिला आत्तापासून प्रत्येक सूत्र कुठून आलं ते विचारायची सवय लावा.

प्रॅक्टिकलवाले_सर
मी इथल्या एका कॉलेजला फिजिक्स शिकवतो. मामा, तिला सुट्टीत घेऊन या, आमच्याकडे जीएम काउंटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं यंत्र आहे. मी मुलांना आधी समोर किरणोत्सारी सोर्स न ठेवता नुसतं बॅकग्राउंड मोजायला बसवतो. काहीच ठेवलेलं नसताना काउंट पडायला लागले की मुलं दचकतात, कारण रेडिएशन सगळीकडे असतं हे पुस्तकात वाचलेलं असतं पण ऐकलेलं नसतं. मग तेच मोजमाप परत परत घ्यायला लावतो आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. तिथं खरं शिकणं सुरू होतं. १०० काउंट आले तर चूक साधारण १० ची म्हणजे दहा टक्के, १०,००० आले तर १०० ची म्हणजे एकच टक्का. जास्त वेळ का मोजायचं हे एकदा असं हातानं कळलं की आयुष्यभर विसरत नाही.

आणि भाऊजींना लासलगावचं केंद्र दाखवायची परवानगी मिळते का बघा. निफाडहून लांब नाही. बीएआरसीनं उभं केलेलं आहे, कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन कांद्याला कोंब येणं थांबवतात, २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबासुद्धा तिथं प्रक्रिया होऊन गेलाय. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, त्यामुळे माल किती वेळ ठेवायचा याचा हिशोब बदलत राहतो. तो हिशोब भाचीला करायला सांगा, अकरावीच्या गणितात बसतो.

अजून एक, आपल्याकडे कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट लागतात. फिजिक्समध्ये एमएस्सी आणि त्यावर बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. घराजवळ राहून करता येईल असं काम आहे.

निफाडकर_मामा
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, नेस्टचं तिला लगेच सांगितलं, जुने पेपर उतरवून घेतलेत. सर, रविवारी आणलं तर चालेल का? भाऊजी पण येतो म्हणतायत.

प्रॅक्टिकलवाले_सर
रविवारी लॅब बंद असते, शनिवारी दुपारी या. वही आणि ग्राफ पेपर आणायला सांगा तिला.