युद्धेतिहासाची जुनी पुस्तके : पहिली आवृत्ती घ्यावी की देखणी?

पानवाचक : दुसऱ्या महायुद्धावरील लोकप्रिय ग्रंथ मी आजवर स्वस्त कागदी बांधणीतच वाचले. आता त्यांतील मोजके ग्रंथ चांगल्या प्रतींत संग्रही ठेवावेत असे वाटते आणि सुरुवात चर्चिल यांच्या ‘द सेकंड वर्ल्ड वॉर’च्या सहा खंडांपासून करण्याचा विचार आहे. या संचाच्या ब्रिटिश, अमेरिकी आणि बुक क्लबच्या (सभासदांसाठी स्वस्तात काढलेल्या) प्रती जुन्या बाजारात शेजारी शेजारी दिसतात, पण किमतींत मोठी तफावत असते. निवड कशी करावी?

जुना_वाचक : काळाच्या दृष्टीने अमेरिकी आवृत्ती आधीची आहे, तिचा पहिला खंड १९४८ च्या जूनमध्ये आला आणि लंडनच्या कॅसेल प्रकाशनाने तो ऑक्टोबरमध्ये काढला. तरीही मी कॅसेलचाच संच घेईन, कारण त्यात घडीचे नकाशे भरपूर आहेत आणि युद्धेतिहास नकाशावाचून वाचणे म्हणजे निम्मेच वाचणे. मात्र प्रत्येक नकाशा पूर्ण उलगडून पाहावा. घडी जिथे कण्याजवळ येते तिथे कागद हमखास फाटतो, आणि एखादा नकाशा कुणी कापून नेला असेल, तर तिथे उरलेली अरुंद पट्टी बोटाला लागते. या संचात पानांवर तपकिरी ठिपके बरेचदा आढळतात. ते मजकुरापर्यंत पोहोचले नसतील तर मी त्याकडे काणाडोळा करतो.

शोधक : बुक क्लबची प्रत ओळखणे फारसे अवघड नाही. वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसते आणि अमेरिकी प्रतींत मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात बऱ्याचदा एक लहानसा खोलगट ठसा असतो. घडीचा कोपराच कापलेला असेल, तर किंमत होती की नाही ते कळत नाही; अशा वेळी मागच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवून पाहावे. वाचनालयातून बाद झालेल्या प्रती स्वस्त मिळतात, पण त्यांचे शिक्के आणि चिकटवलेले खिसे काढण्याच्या भानगडीत पडू नये.

पानवाचक : आभारी आहे. मग फोलिओ सोसायटीसारख्या संस्थांच्या देखण्या आवृत्त्यांचे काय?

जुना_वाचक : त्या वाचनासाठी घ्याव्यात. १९४७ मध्ये स्थापन झालेली फोलिओ सोसायटी चांगला कागद, नेटकी अक्षरजुळणी आणि पुठ्ठ्याची पेटी यांसाठी ओळखली जाते, त्यामुळे वापरलेली प्रतही बहुधा सुस्थितीत मिळते. पेटीतून बाहेर राहणारा कणा तेवढा पाहून घ्यावा. बांधणीचे लाल कापड उन्हाने चटकन विटते. सोनेरी कडांच्या चामडी बांधणीचा मला मोह नाही, कारण असे जाडजूड पुस्तक हातात धरून तासभर वाचवत नाही.

शोधक : छायाचित्रांची तुलनाही करा. मूळ आवृत्तीत ती गुळगुळीत कागदावर स्वतंत्र छापलेली असतात. स्वस्त पुनर्मुद्रणात तीच साध्या कागदावर येतात आणि रणगाडा कुठला, धूर कुठला, हेही कळत नाही. विक्रेत्याकडून मुखपृष्ठाऐवजी नकाशांची आणि छायाचित्रांच्या पानांची चित्रे मागवावीत.