खिद्रापूरला नेमकं काय बघितलंत? अनुभव लिहा

कोल्हापूरकराची गाडी सुट्टीला निघाली की पन्हाळा, जोतिबा नाहीतर गगनबावडा. खिद्रापूर शिरोळ तालुक्याच्या पार टोकाला, कृष्णेच्या वळणात. तिथं जातात ते बहुतेक नृसिंहवाडीचं दर्शन झाल्यावर, हाताशी वेळ उरला तर. अर्ध्या तासात कोपेश्वराचं देऊळ उरकून परत. जे तिथं रेंगाळले त्यांनी लिहावं. आणि देवळाबरोबर वाट, नदी, माणसं यांच्याबद्दलही लिहा.

राजारामपुरी, कोल्हापूर
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या देवळापुढच्या स्वर्गमंडपातच एका खांबाला टेकून बसल्या आणि आम्ही बाहेर फिरत राहिलो. परत आलो तर म्हणाल्या, "तुम्ही काय बघून आलात? इथं बसा जरा." वर छताला गोल मोकळं आभाळ, खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा, भोवती बारा खांबांचं कडं. आतल्या बाजूला दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनांवर. ऊन सरकेल तसा एकेक उजळत होता. चालत बघणाऱ्याला हे दिसत नाही.

बाहेर मूळ मंदिराच्या पायाशी हत्तींची रांग आहे, जणू अख्खं देऊळ पाठीवर घेतलंय. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फोडलेल्या आहेत, पण अंगावरच्या झुली, घंटा, साखळ्या अजून मोजता येतात. देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा १२१३चा शिलालेख आहे, देवनागरी लिपीतला. मुलीनं त्यातली चार-पाच अक्षरं लावली आणि दिवसभर तेवढंच सांगत सुटली.

इचलकरंजी
बाईकवर गेलतो भावा. कारखाने चालू असताना जाणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांमागं लटकायची तयारी ठेवा. रस्ता अरुंद, ओव्हरटेकला जागा न्हाई. पण दोन्हीकडं उभा ऊस आणि मधनं आपण, नाद खुळा.

कुरुंदवाड
सगळे विचारतात, शंकराच्या देवळात नंदी कुठाय? आमच्याकडं सांगतात ते असं. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी इथं नाही, तो कर्नाटकात यडूरला. सती गेल्यावर महादेव कोपला, तो कोपेश्वर. विष्णूनं त्याची समजूत घातली, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही शेजारी आहेत, नीट बघा.

आणि एक तक्रार. आमच्या गावातनं गाड्या सुसाट जातात. संगमाजवळ सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे, तिथं पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

सांगली (माहेर खिद्रापूर)
तुम्ही हिवाळ्यात येता, नदी खाली शहाण्यासारखी वाहत असते. २०१९च्या पुरात गावाभोवती पाणीच पाणी होतं. आई-वडिलांनी जनावरं आधी हलवली, मग स्वतः निघाले. आमच्याकडं पावसाळ्यात कोयना धरणातनं किती पाणी सोडलं आणि खालच्या अलमट्टी धरणातनं किती, हे बारक्या पोरालाही पाठ असतं. पलीकडचं जुगूळ कर्नाटकात. आजी निम्मं कानडीत बोलायची, निम्मं मराठीत, भांडताना फक्त कानडीत.

पुणे, मूळचा कोल्हापूरचा
कार्तिक पौर्णिमेला रात्री गेलो होतो. चंद्र स्वर्गमंडपाच्या छतातल्या गोलाच्या बरोबर वर आला की खालची शिळा उजळते, हे खरंच. पण मोबाईलच्या उजेडात चांदणं शोधावं लागलं. माझं स्पष्ट मत, त्या रात्रीचा हट्ट नको. साध्या दिवशी सकाळी लवकर जा.

जयसिंगपूर
गावातली आदिनाथांची जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, कुणीच कशी लिहिली नाही? कोपेश्वरापासून चालत जाता येतं. लहान आहे, कोरीव काम बघण्यासारखं, आणि गर्दी जवळपास नसतेच.

शाहूपुरी, कोल्हापूर
जेवायचं काय ते कुणी सांगेना! मुलं बरोबर आहेत.

कुरुंदवाड
ताई, खिद्रापुरात मोठं हॉटेल धरून चालू नका, पाणी आणि डबा घरनंच घ्या. परतताना नृसिंहवाडीत थांबा. बासुंदी तिथंच खा, कवठाची बर्फी बांधून घ्या. बर्फी प्रवासात टिकते, बासुंदीचा भरवसा नाही.