रेकॉर्ड लावली की वूफर नुसता आत-बाहेर नाचतोय, स्पीकर गेले का?

गावभागकर (सांगली):
मंडळी, मामांचं जुनं बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल घरी आलंय, सोबत नाट्यसंगीताच्या एलपींची पेटी. अँप आपलाच जुना, स्पीकर आठ इंची वूफरचे, मागं भोक असलेले. मोबाईलवरनं लावलं की सगळं झ्याक चालतंय पण रेकॉर्ड लावली की वूफरचा कोन (हलणारा पडदा) एवढा आत-बाहेर करतोय की जाळी काढून बघितलं तर भीतीच वाटली, आणि त्या हलण्याचा आवाज म्हणाल तर काहीच नाही, गाणं फक्त जरा गढूळ वाटतं. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसती सुई टेकली तरी चालूच. एका रिपेअरवाल्यानं स्पीकर गेलेत, नवे घ्या म्हणून सांगितलं. खरंच का? टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शोकेसवर आहेत, घरात दुसरी जागाच नाही.

बास_प्रेमी:
अर्थिंगची वायर सुटली असेल, अँपच्या मागच्या स्क्रूला लावा.

सोल्डरवाला मिरज:
अर्थिंग सुटलं असतं तर ५० हर्ट्झचा घूं आवाज कानाला आला असता की ओ. हे त्याच्या खालचं आहे, २० हर्ट्झच्या खाली माणसाला जवळपास ऐकूच येत नाही, पण वूफरला ते कळतंय आणि तो बिचारा हलतोय. मोबाईलवर नीट चालतात म्हणजे स्पीकर ठणठणीत आहेत, पैसे घालवू नका.
होतंय काय, एलपी कापताना बास मुद्दाम कमी करून कापतात आणि फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) तो परत वाढवतो, २० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या मानानं जवळजवळ २० डेसिबल जास्त. त्यात रेकॉर्डचा बाक, बेअरिंगची घरघर सगळंच फुगून येतं. वर तुमचे स्पीकर भोकवाले, पोर्ट म्हणजे ते भोक, ते ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेलं असतं तिच्या खाली गेलं की आतल्या हवेचा कोनावर दाबच राहत नाही, मग तो मोकाट सुटतो. बंद पेटीच्या स्पीकरला एवढं होत नाही.
आधी एक करा. मोटर बंद, थाळी थांबलेली, सुई रेकॉर्डवर टेकवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. कोन हलायला लागला किंवा घुमायला लागलं तर स्पीकरची थरथर शोकेसमधनं सुईपर्यंत जातेय, लगेच व्हॉल्यूम कमी करा. काहीच नाही झालं तर रेकॉर्ड फिरवून कोनाकडं बघा. ३३ च्या स्पीडला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, कोनाचा झोका त्याच ठेक्यात येत असेल तर रेकॉर्ड वाकलीय. आणि लाउडनेसचं (बास वाढवणारं) बटण दाबलेलं असेल तर पहिलं काढा.

राजवाडा_सातारा:
आमचा जुना वाडा, माडीला लाकडी तक्ते, कोणी जिना चढलं तरी सुई उडायची. शेवटी भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर कडाप्प्याची फरशी टाकली आणि टर्नटेबल तिथं नेलं. स्पीकर खालीच. जागा नाही म्हणता, पण भिंत तर आहे ना?

गावभागकर:
सोल्डरवाले दादा, थाळी थांबवून बघितलं, बऱ्यापैकी व्हॉल्यूमला सुद्धा कोन गप्प. फिरवलं की बरोबर फेऱ्याच्या ठेक्यात झोका, आणि टोनआर्म (सुईचा दांडा) डोळ्याला दिसेल असा वर-खाली होतोय. पेटी मामांच्या पत्र्याच्या माळ्यावर होती, सांगलीचा उन्हाळा माहितीच आहे. त्यातल्या एका सरळ रेकॉर्डवर झोका गेला पण बारीक फडफड राहतेच. ती कशाची?

सोल्डरवाला मिरज:
म्हणजे शोकेस सुटली, बाक धरला गेला. फडफड बहुतेक आर्म आणि कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) जोडीची. दोघांचा मिळून एक रेझोनन्स, म्हणजे आपसूक थरथरायची फ्रिक्वेन्सी असतो, तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये बसला तर बरं, बाक त्याच्या खाली राहतो नि गाणं वर. हिशेब सोपा आहे, आर्मचं इफेक्टिव्ह वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज, तिला कॉम्प्लायन्सनं (सुईच्या लवचिकपणाचा आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. बेरीज २२.५ आणि कॉम्प्लायन्स २० असेल तर ७.५ येतो, म्हणजे बाकाच्या तावडीत. तीच बेरीज पण कॉम्प्लायन्स १० ची कार्ट्रिज लावली तर १०.६, मस्त. फक्त जपानी कंपन्या आकडा बऱ्याचदा १०० हर्ट्झचा देतात, १० हर्ट्झला तो दीडपट ते दुप्पट धरायचा. मामांच्या आर्मवर कोणती कार्ट्रिज आहे?
अजून एक, अँपला मोनोचं (दोन्ही चॅनेल एकत्र करणारं) बटण असेल तर दाबून बघा. सुईचं वर-खाली हलणं दोन चॅनेलमध्ये उलटसुलट येतं, मोनोत ते एकमेकांना मारतं. जुन्या मोनो रेकॉर्डींना तर ते दाबूनच ठेवा.

राजवाडा_सातारा:
सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारा खालचा भाग कापणारा) राहिलाच की. फोनो स्टेजला १८-२० हर्ट्झचा फिल्टर असला की बाक असलेली रेकॉर्डपण गुमान वाजते. पण अँपवर नुसतं लो फिल्टर लिहिलंय ते बटण जपून, काहींचा फिल्टर ७० हर्ट्झपासनंच कापतो आणि मग तबल्याच्या डग्ग्यात दमच राहत नाही. आणि वाकलेल्या रेकॉर्डी काचांत दाबून उन्हात ठेवायचा सल्ला कोणी देईल, अजिबात ऐकू नका, रेकॉर्डच्या खाचा वितळल्या की गाणं गेलं.

गावभागकर:
मोनो दाबलं आणि कोन जवळजवळ थांबला राव! कार्ट्रिजचा नंबर पुसट झालाय, फोटो टाकतो संध्याकाळी. तोवर फिल्टरवाला फोनो स्टेज कोल्हापुरात मिळतो का विचारून ठेवतो.